भास्कर रामचंद्र भागवत

भास्कर रामचंद्र भागवत ऊर्फ भा. रा. भागवत (जन्म : इंदूर, ३१ मे १९१०; मृत्यू : २७ ऑक्टोबर २००१) हे मराठीतील बालसाहित्यिक, अनुवादक आणि संपादक होते. पुण्याजवळच्या फुरसुंगी गावचा बनेश फेणे ऊर्फ ‘फास्टर फेणे’ हा शाळकरी नायक ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध निर्मिती होय. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांच्या विज्ञानकथा मराठी मुलांपर्यंत पोचवण्याचे मोठे कामही त्यांनी केले. फास्टर फेणेच्या कथांवर १९८०च्या दशकात दूरदर्शनवर मालिका झाली आणि २०१७ मध्ये याच नावाचा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. एका लेखकाच्या कल्पनेतून निघालेला मराठी बालनायक पुस्तक, छोटा पडदा आणि मोठा पडदा अशा तिन्ही ठिकाणी पोचल्याचे हे ठळक उदाहरण आहे. त्यामुळे लेखकाने घडवलेल्या पात्रावर हक्क कोणाचा, या प्रश्नाच्या अभ्यासातही भागवतांच्या या निर्मितीचा विचार करता येतो.

जीवन

भागवतांचा जन्म इंदूर येथे झाला. इंदूर ही होळकर संस्थानची राजधानी होती आणि तेथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भागवत दिल्लीला आकाशवाणीत नोकरीस होते. त्या वेळी नभोवाणी हे ब्रिटिश सरकारचे खाते होते. युद्धकाळात तिच्यावरून काय बोलायचे आणि काय नाही, हे सरकारच ठरवत असे. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला. त्यानंतर भागवतांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते चळवळीत उतरले. त्यासाठी त्यांना तुरुंगवासही भोगावा लागला. सरकारी नोकरी हा त्या काळी सुशिक्षित मध्यमवर्गाचा सर्वांत भरवशाचा आधार होता. तो स्वतःहून सोडण्याचा हा निर्णय त्यांच्या आयुष्यातील मोठे वळण ठरला.

पुढील काळात भागवतांनी मुलांसाठी लिहिणे हेच आपले मुख्य काम मानले. ‘बालमित्र’ हे मुलांचे मासिक त्यांनी चालवले. मोठ्यांसाठी लिहिता लिहिता अधूनमधून मुलांसाठीही काही लिहावे, अशी अनेक लेखकांची रीत असताना भागवतांनी बालवाचकांसाठीच आयुष्यभर सातत्याने लेखन केले. कथा, कादंबरी, रूपांतर, अनुवाद असे त्यांचे लेखन विविध प्रकारचे आहे आणि त्यांच्या पुस्तकांची संख्या मोठी आहे.

त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यिक होत्या. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील स्त्रियांच्या आणि मुलांच्या कार्यक्रमांशी त्यांचे नाव निगडित आहे. मुलांचे साहित्य हा या दांपत्याचा सामायिक ध्यास होता. भा. रा. भागवतांचे २७ ऑक्टोबर २००१ रोजी निधन झाले. त्या वेळी ते ९१ वर्षांचे होते.

अनुवाद आणि रूपांतरे

भागवतांच्या लेखनाचा एक मोठा भाग परभाषांतील साहसकथा आणि विज्ञानकथा मराठीत आणण्याचा आहे. त्यात ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) यांच्या कादंबऱ्यांना विशेष स्थान आहे. व्हर्न यांची पृथ्वीच्या पोटातील प्रवासाची कादंबरी १८६४ मध्ये, चंद्रप्रवासाची कादंबरी १८६५ मध्ये आणि धूमकेतूवरील प्रवासाची कादंबरी १८७७ मध्ये प्रसिद्ध झाली. भागवतांची ‘पाताळलोकाची अद्भुत यात्रा’, ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही पुस्तके या परंपरेतली आहेत.

या पुस्तकांच्या नावांवरूनच भागवतांची पद्धत लक्षात येते. पृथ्वीच्या केंद्राकडे जाणाऱ्या प्रवासाला त्यांनी पाताळलोक हा पुराणकथांतून मराठी मुलांच्या ओळखीचा झालेला शब्द दिला. धूमकेतूसाठी त्यांनी शेंडेनक्षत्र हा बोलीतला शब्द निवडला आणि त्याला ‘मुक्काम’ जोडून पत्रावरील पत्त्यासारखे नाव तयार केले. मूळ कथेतील विज्ञान आणि भूगोल कायम ठेवून भाषा मात्र घरातली वापरायची, असे हे धोरण होते. पाठ्यपुस्तकांत विज्ञान रुक्षपणे शिकवले जात असताना तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघालेली माणसे, वजनहीनता, ज्वालामुखीच्या विवरातून खाली जाणारी वाट अशा गोष्टी मुलांना मराठीत वाचायला मिळाल्या. व्हर्न यांच्या कादंबरीतील तीन चांद्रयात्री अमेरिकेतील फ्लॉरिडातून निघतात आणि तिच्या उत्तरार्धात प्रशांत महासागरात परत उतरतात. १९६९ मध्ये अपोलो ११ यानातून गेलेले तीन अंतराळवीरही फ्लॉरिडातूनच निघाले आणि प्रशांत महासागरातच उतरले.

व्हर्न यांच्या कथांचे चित्रपटांशीही जुने नाते आहे. फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस यांनी १९०२ मध्ये केलेल्या चंद्रप्रवासाच्या मूकपटावर व्हर्न आणि एच. जी. वेल्स या दोघांच्या कथांचा प्रभाव होता. पुस्तकावरून चित्रपट करण्यासाठी लेखकाची परवानगी लागते, हे तत्त्व तेव्हा पक्के झालेले नव्हते. ‘बेन-हर’ या कादंबरीवर परवानगीविना केलेल्या मूकपटाच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये निर्मात्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. तेथपासून चित्रपट हक्क ही स्वतंत्रपणे विकत घेण्याची वस्तू बनली.

फास्टर फेणे

परक्या नायकांच्या साहसकथा मराठीत आणणाऱ्या भागवतांनी मराठी मुलांना त्यांच्याच मातीतला नायकही दिला. बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा. हडपसरच्या पलीकडे, पुण्याच्या पूर्वेला असलेल्या या गावातून तो पुण्यात शिकायला येतो. विद्या भवन ही त्याची शाळा. किडकिडीत अंगयष्टी, तल्लख डोके, सायकलीवरची मांड आणि तोंडातून निघणारा ‘टॉक’ असा आवाज ही त्याची ओळख. चपळाईमुळे त्याला ‘फास्टर’ हे टोपणनाव मिळाले. मित्र सुभाष देसाई आणि मामेबहीण माली ही त्याच्या कथांतील नेहमीची मंडळी आहेत. वाचकांमध्ये हा नायक ‘फाफे’ या संक्षिप्त नावानेही ओळखला जातो.

फास्टर फेणेकडे कोणतीही अतिमानवी शक्ती नाही. तो उडत नाही, मुखवटा घालत नाही, त्याच्याजवळ शस्त्र नसते. संकट आले की आजूबाजूला काय आहे ते पाहायचे, धागेदोरे जुळवायचे आणि वेळेवर पळायचे किंवा पोचायचे, एवढेच त्याचे बळ. तरीही सुपरहिरोच्या कथांतील काही गोष्टी या मालिकेत आढळतात. नायकाचे मूळ नाव वेगळे आणि साहसी नाव वेगळे. त्याची खूण ठरलेला आवाज आहे. ठरलेले साथीदार आहेत. प्रत्येक पुस्तकात नवा गुन्हा किंवा नवे संकट असते आणि वय मात्र फारसे वाढत नाही. सामान्य घरातला मुलगा असामान्य प्रसंगाला सामोरा जातो, हा या कथांचा गाभा आहे. तो वाचकाच्या आवाक्यातला असल्यामुळे मुलांना त्याच्या जागी स्वतःला कल्पिता येते.

मालिकेतील पुस्तकांच्या नावांवरून कथांचा पल्ला दिसतो. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’, ‘फास्टर फेणेची डिटेक्टिव्हगिरी’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’, ‘जंगलपटात फास्टर फेणे’ अशी ती नावे आहेत. पुण्याच्या गल्ल्यांपासून काश्मीरपर्यंत हा मुलगा फिरतो. सह्याद्रीतला किल्ला, वादळ, विमान अशा स्थळांनी आणि प्रसंगांनी कथेला नवे कारण मिळते. पुण्यातील उत्कर्ष प्रकाशनाने ही मालिका वाचकांना उपलब्ध करून दिली.

या मालिकेसाठी चित्रकार राम वाईरकर यांनी चित्रे काढली. वाईरकर हे ‘अमर चित्र कथा’ आणि ‘टिंकल’ यांमधील चित्रांसाठी प्रसिद्ध असून ‘टिंकल’मधील सुप्पंडी या पात्राला रूप देणारे चित्रकार म्हणूनही ओळखले जातात. अशा रीतीने मराठी गद्यातील नायकाला चित्रकथांच्या जगातील हाताने चेहरा मिळाला.

फास्टर फेणेखेरीज पुस्तकांत बुडालेला बिपिन बुकलवार आणि नंदू नवाथे हे भागवतांचे बालनायकही वाचकप्रिय झाले. यमक आणि अनुप्रास साधणारी, एकदा ऐकली की विसरता न येणारी नावे ठेवण्याची त्यांची हातोटी या तिन्ही पात्रांच्या नावांत दिसते.

दूरदर्शन मालिका

१९८०च्या दशकात फास्टर फेणेच्या कथांवर दूरदर्शनवर मराठी मालिका प्रसारित झाली. तीत फास्टर फेणेची भूमिका सुमीत राघवन यांनी केली; ते तेव्हा बालकलाकार होते. उपग्रह वाहिन्या सुरू होण्यापूर्वीचा तो काळ असल्याने घराघरांत एकच दूरचित्रवाणी पाहिली जात असे. पुस्तके न वाचलेल्या मुलांनाही त्यामुळे या नायकाची ओळख झाली. ही मालिका भागवतांच्या हयातीत झाली. पुढे आलेला चित्रपट मात्र त्यांना पाहता आला नाही.

चित्रपट

‘फास्टर फेणे’ हा मराठी चित्रपट २७ ऑक्टोबर २०१७ रोजी, म्हणजे भागवतांच्या सोळाव्या स्मृतिदिनी प्रदर्शित झाला. आदित्य सरपोतदार हे त्याचे दिग्दर्शक आणि क्षितिज पटवर्धन हे लेखक आहेत. जेनेलिया देशमुख, रितेश देशमुख यांची मुंबई फिल्म कंपनी, झी स्टुडिओज आणि मंगेश कुलकर्णी हे निर्मितीशी संबंधित होते. अमेय वाघ यांनी बनेश फेणेची भूमिका केली. पर्ण पेठे, सिद्धार्थ जाधव आणि गिरीश कुलकर्णी यांच्याही चित्रपटात प्रमुख भूमिका आहेत.

चित्रपटकर्त्यांनी भागवतांचे एखादे पुस्तक जसेच्या तसे पडद्यावर आणले नाही. त्यांनी पात्र घेतले आणि कथा नवी रचली. चित्रपटातील बनेश शाळकरी राहिलेला नाही. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देण्यासाठी पुण्यात आलेला तरुण आहे. आत्महत्या म्हणून नोंदला गेलेला एका विद्यार्थ्याचा मृत्यू त्याला संशयास्पद वाटतो आणि तपास करता करता तो परीक्षेतील गैरव्यवहारापर्यंत पोचतो. पुस्तकांतील निरागस साहसाच्या जागी येथे समकालीन शहरातील गुन्हेगारी आली आहे. वाचक म्हणून फास्टर फेणेबरोबर वाढलेली पिढी आता प्रौढ झाली होती. नायकाचे वय वाढवण्यामागे तिचा विचार उघड दिसतो.

या चित्रपटात भा. रा. भागवत हे स्वतः एक पात्र म्हणून येतात. ही भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली आहे. लेखक आणि त्याने निर्माण केलेला नायक एकाच कथेत समोरासमोर येतात, ही या रूपांतराची सर्वांत वेगळी बाब होय. पुस्तकावरील चित्रपटांत लेखकाचे नाव सहसा श्रेयनामावलीतील एका ओळीपुरते असते. येथे नव्या प्रेक्षकाला नायकाबरोबर त्याच्या जनकाचीही ओळख होते.

पात्रावरील हक्क

फास्टर फेणेसारखे पात्र पुस्तकातून पडद्यावर जाते तेव्हा त्यामागे प्रताधिकाराचा, म्हणजेच कॉपीराइटचा व्यवहार असतो. भारतात या विषयावर १९५७ चा प्रताधिकार कायदा लागू आहे. त्यानुसार स्वतंत्रपणे लिहिणारा लेखक हाच आपल्या कृतीचा पहिला हक्कधारक असतो. छापण्याचा हक्क, भाषांतराचा हक्क, रूपांतराचा हक्क आणि चित्रपट करण्याचा हक्क हे एकमेकांपासून वेगळे आहेत. ते वेगवेगळ्या व्यक्तींना, वेगवेगळ्या अटींवर देता येतात. त्यामुळे पुस्तक छापण्याची परवानगी मिळाली म्हणजे प्रकाशकाला चित्रपटाचा हक्कही आपोआप मिळाला, असे होत नाही. हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर हक्क भारतापुरता समजला जातो. पुस्तकातील चित्रे ही स्वतंत्र कलाकृती असल्याने त्यांच्या हक्काचा विचार मजकुरापासून वेगळा करावा लागतो.

लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. १९९२ पर्यंत ही मुदत ५० वर्षे होती. १९४१ मध्ये निधन पावलेल्या रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याची मुदत संपत आली असताना ती वाढवण्यात आली. या नियमाने भागवतांनी स्वतः रचलेल्या कथांवरील प्रताधिकार २०६१ सालाच्या अखेरपर्यंत राहील. व्हर्न यांच्या मूळ कादंबऱ्या मात्र आज सर्वांना खुल्या आहेत. त्यांवरून कोणीही नवा अनुवाद किंवा चित्रपट करू शकतो. भागवतांनी केलेला अनुवाद ही पुन्हा वेगळी कृती असून तिच्यावरील हक्क भागवतांच्याच मुदतीने चालतो.

कल्पनेवर प्रताधिकार नसतो. कल्पना ज्या रूपात मांडली जाते त्या रूपावर तो असतो. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले. सायकलीवरून फिरणारा चतुर शाळकरी मुलगा ही कल्पना कोणीही वापरू शकतो. नाव, गाव, सवयी, साथीदार आणि खुणेचा आवाज यांसह उभा राहिलेला विशिष्ट नायक मात्र त्याच्या लेखकाची निर्मिती ठरतो. चित्रकथांतील नायकांबाबतही असे वाद झाले आहेत. हिंदी चित्रकथांमधील नागराज या सुपरहिरोच्या प्रकाशकांनी नागेश या मिळत्याजुळत्या पात्राविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९९७ मध्ये त्यांना मनाईहुकूम मिळाला. नागराजच्या अनेक अंकांची चित्रे प्रताप मुळीक या मराठी चित्रकाराने काढली होती.

हक्क विकल्यानंतरही लेखकाचे नाव आणि कृतीची प्रतिष्ठा यांना कायद्याचे वेगळे संरक्षण आहे. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या हिंदी कादंबरीवरील चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने ते मान्य केले. चित्रपटाचा हक्क दिला म्हणजे कथेचा वाटेल तसा विपर्यास करण्याची मोकळीक दिली असे होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. २०१२ च्या दुरुस्तीने साहित्यकृतींच्या लेखकांना आणखी एक आधार दिला. चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज इतर मार्गांनी होणाऱ्या वापराच्या मानधनातील वाटा त्यांना आता करारानेही सोडून देता येत नाही.

अमेरिकी सुपरहिरोंशी तुलना

अमेरिकेतील चित्रकथांच्या व्यवसायाचा इतिहास याहून वेगळा आहे. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगेल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेल्या सुपरमॅनचे सर्व हक्क मार्च १९३८ मध्ये प्रकाशक कंपनीला १३० डॉलरना दिले गेले. त्याच वर्षी सुपरमॅनची पहिली चित्रकथा प्रसिद्ध झाली. त्यानंतर नभोवाणी मालिका, चलच्चित्रे आणि चित्रपट यांतून त्या पात्राने अमाप पैसा मिळवला, पण तो कंपनीच्या मालकीचा होता. सीगेल आणि शुस्टर यांनी १९४७ मध्ये दावा लावला. तडजोडीत त्यांना काही रक्कम मिळाली, मात्र पात्र परत मिळाले नाही. सुपरमॅनवर भव्य चित्रपट होणार असल्याचे जाहीर झाल्यावर सीगेल यांनी १९७५ मध्ये आपली कैफियत वृत्तपत्रांपुढे मांडली. व्यंगचित्रकारांनी त्यांच्या बाजूने मोहीम चालवली. अखेर कंपनीने दोघांना प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर देण्याचे आणि निर्माते म्हणून त्यांची नावे छापण्याचे मान्य केले. चित्रपट १९७८ मध्ये आला. बॅटमॅनच्या घडणीत मोठा वाटा असलेले लेखक बिल फिंगर यांचे १९७४ मध्ये निधन झाले; सहनिर्माते म्हणून त्यांना अधिकृत श्रेय मिळू लागले ते २०१५ पासून.

या व्यवसायात पात्र हे कंपनीचे भांडवल असते. मार्व्हल कंपनी १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९९०च्या दशकात तिने एक्स-मेन आणि स्पायडरमॅन या आपल्या लोकप्रिय नायकांचे चित्रपट हक्क वेगवेगळ्या स्टुडिओंना दिले होते. त्यामुळे एकाच विश्वातले नायक पुढे अनेक वर्षे वेगवेगळ्या कंपन्यांच्या चित्रपटांत विभागलेले राहिले. २००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलर मोजून मार्व्हल विकत घेतली.

फास्टर फेणेच्या बाबतीत आकडे आणि उलाढाल यांची या व्यवसायाशी बरोबरी होऊ शकत नाही. पण एक फरक महत्त्वाचा आहे. हा नायक कंपनीच्या कार्यालयात, अनेक पगारी लेखकांच्या हातून घडला नाही. एकाच लेखकाने तो वर्षानुवर्षे लिहिला आणि प्रत्येक मुखपृष्ठावर त्याचे नाव राहिले. लेखक बदलून मालिका पुढे चालवण्याची यंत्रणा मागे नसल्याने या नायकाचा पडद्यावरील प्रवास संथ झाला. दूरदर्शन मालिकेनंतर चित्रपट यायला सुमारे तीन दशके लागली. मात्र पात्र आणि लेखक यांची फारकत झाली नाही. सुपरमॅनच्या जनकांना पडद्यावर नाव मिळवण्यासाठी झगडावे लागले, तर फास्टर फेणेचा जनक त्याच्या चित्रपटात नायकासोबत वावरताना दिसतो.

वारसा

मराठी बालसाहित्यात भागवतांचे स्थान दुहेरी आहे. व्हर्न यांच्यासारख्या लेखकांची दारे त्यांनी मराठी मुलांसाठी उघडली आणि त्याच जोडीला मराठी गावात जन्मलेला, मराठी शाळेत शिकणारा नायक उभा केला. परदेशी चित्रकथा आणि सुपरहिरो सहज उपलब्ध नसलेल्या काळात अनेक मुलांच्या वाचनाची सुरुवात या पुस्तकांनी झाली. २०१७ च्या चित्रपटानंतर नव्या पिढीचे लक्षही मूळ पुस्तकांकडे वळले.

फुरसुंगी हे नाव महाराष्ट्रभर पोचण्यातही या पुस्तकांचा मोठा वाटा आहे. पुण्याबाहेर वाढलेल्या कित्येक वाचकांना हे गाव प्रथम ठाऊक झाले ते बनेश फेणेचे गाव म्हणूनच.

निवडक पुस्तके

फास्टर फेणे मालिका : फुरसुंगीचा फास्टर फेणे, आगे बढो फास्टर फेणे, बालबहाद्दर फास्टर फेणे, जवानमर्द फास्टर फेणे, फास्टर फेणे टोला हाणतो, फास्टर फेणेची डिटेक्टिव्हगिरी, ट्रिंग ट्रिंग फास्टर फेणे, प्रतापगडावर फास्टर फेणे, गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे, चिंकूचे चाळे आणि फास्टर फेणे, चक्रीवादळात फास्टर फेणे, विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे, जंगलपटात फास्टर फेणे.

ज्यूल व्हर्न यांच्या कादंबऱ्यांवरून : चंद्रावर स्वारी, पाताळलोकाची अद्भुत यात्रा, मुक्काम शेंडेनक्षत्र.